लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना मराठीत काय म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शब्दांविषयी लिहिते म्हणून वाचक मला प्रश्न पाठवतात, आणि त्यांत हा विषय सारखा येतो. कुणाला मुलीच्या घरमालकाशी बोलायचं असतं, कुणाला बातमी लिहायची असते, कुणाला आजीच्या तोंडचा एखादा शब्द खटकलेला असतो. सारखेच असलेले प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. कायद्याचा संदर्भ शब्दापुरताच आहे. स्वतःच्या प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्या.

१. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्याला मराठीत नेमकं काय म्हणतात?

बोलताना सगळ्यात जास्त ऐकू येतं ते "ते लिव्ह-इनमध्ये राहतात". त्याखालोखाल नुसतं "ते एकत्र राहतात". मला हे दुसरं वाक्य जास्त आवडतं. त्यात दोघं कर्ते आहेत आणि दोघांकडे एकच क्रियापद आहे. जुन्या मराठीत ही सोय जवळजवळ नव्हती. तिथले शब्द बाईला नाव ठेवायचे आणि पुरुषाला मोकळा सोडायचे (प्रश्न ५ पाहा). म्हणून कोणताही शब्द वापरण्याआधी एक गोष्ट तपासा: तो दोघांनाही लागू पडतो का? पडत नसेल तर तो सोडून द्या.

२. 'लिव्ह-इन' मराठीत कसं लिहायचं आणि चालवायचं? ते लिंग कोणतं?

'लिव्ह-इन', 'लिव्ह इन', 'लिव इन' अशी तिन्ही रूपं छापून येतात. जोडरेघ दिली तर विभक्ती लावायला सोपं जातं: लिव्ह-इनमध्ये, लिव्ह-इनला, लिव्ह-इनचा करार. नुसतं 'लिव्ह-इन' नपुंसकलिंगी चालतं, कारण मनात 'नातं' असतं: "त्यांचं लिव्ह-इन तीन वर्षं टिकलं." पुढे 'रिलेशनशिप' आलं की स्त्रीलिंग होतं: "त्यांची लिव्ह-इन रिलेशनशिप." दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाच लेखात सरमिसळ करू नका.

३. 'सहजीवन' हा चांगला मराठी शब्द असताना इंग्रजी शब्द कशाला?

शब्द चांगला आहे, पण त्याच्याकडे आधीच बरीच कामं आहेत. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या पत्रिकेवर "सहजीवनाची ५० वर्षे" असं छापलेलं असतं. शाळेच्या जीवशास्त्रात बुरशी आणि शैवाल यांचंही सहजीवनच असतं. त्यामुळे "मीरा आणि समीर सहजीवन जगत आहेत" हे वाक्य वाचून त्यांचं लग्न झालंय की नाही, हे कळत नाही. तेच कळू द्यायचं नसेल तर हा शब्द उत्तम. स्पष्टपणे सांगायचं असेल तर "विवाहाशिवाय सहजीवन" असं पूर्ण लिहावं लागतं. लेखात ते शोभतं, जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांशी बोलताना कुणी तसं म्हणत नाही.

'सहनिवास' हा शब्दही काही जण सुचवतात. माझ्या कानाला तो हाउसिंग सोसायटीच्या पाटीवरचाच वाटतो, कारण तिथे तो खरोखर असतो.

४. जोडीदार, पार्टनर, साथीदार, सहचर यांत फरक काय?

'पार्टनर' शहरांत रुळलाय. "ही माझी पार्टनर" म्हटलं की आज पुण्या-मुंबईत बहुतेकांना कळतं, पण तालुक्याच्या ठिकाणी "कोणत्या धंद्यात?" असा प्रश्न अजून येतो. 'जोडीदार' हा माझ्या मते सगळ्यात चांगला शब्द. तो लग्न झालेल्यांना चालतो, न झालेल्यांना चालतो, शेतावरच्या कामात आणि पत्त्यांच्या डावातही चालतो, आणि त्यात कमीपणा कुठेच नाही. स्त्रीसाठी 'जोडीदारीण' म्हणतात, पण "ती माझी जोडीदार" हेही आता सर्रास चालतं.

'साथीदार' मात्र जपून वापरा. वर्तमानपत्रांनी त्याचं नातं आरोपीशी लावून ठेवलंय: "आरोपी व त्याचा साथीदार फरार". 'सहचर' आणि 'सहचारिणी' हे पुस्तकी शब्द, आणि 'सहचारिणी' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पत्नीच येते.

५. आमची आजी "त्याने ठेवलेली बाई" असं सहज म्हणते. तिच्या मनात वाईट नसतं. मग शब्दात वाईट काय?

आजीच्या मनात वाईट नसेलही. शब्दाची घडण मात्र वाईट आहे. 'ठेवणे' हे क्रियापद आपण वस्तूंना लावतो: डबा ठेवला, पैसे ठेवले, गहाण ठेवलं. "त्याने तिला ठेवली आहे" या वाक्यात बाई कर्म आहे. तिने काही ठरवलं, काही निवडलं, असं या वाक्यातून कधीच निघत नाही. आता हेच वाक्य उलटं करून पाहा: "तिने त्याला ठेवलाय." असं कुणी म्हटलंच तर ते टोमणा म्हणून, आणि त्यातही बोल पुन्हा तिलाच.

जुन्या शब्दांची सगळी रांगच अशी आहे. 'राख' हा शब्द राखण्यातून आला. 'रखेल', 'रखेली' त्याच घरातले. 'अंगवस्त्र' म्हणजे खांद्यावर टाकायचं वस्त्र, हवं तेव्हा घ्यावं, नको तेव्हा खुंटीला अडकवावं. पेशवाईच्या कागदपत्रांत 'नाटकशाळा' भेटते, ती इमारत नसते, माणूस असते. 'उपस्त्री' हा त्यातला सभ्य शब्द, पण 'उप' आहेच. या सगळ्यांमध्ये त्या पुरुषासाठी शब्द शोधा. तो सापडत नाही. तो 'सरदार', 'सावकार', 'इनामदार' म्हणूनच राहतो.

तेव्हाच्या बऱ्याच बायकांना निवड नव्हती, हे खरं आहे, आणि इतिहास लिहिताना तो शब्द अवतरणात यायलाच हवा. पण आज हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, निम्मं भाडं भरणाऱ्या मुलीला 'ठेवलेली' म्हणणं हे साफ खोटं आहे. तिला कुणी ठेवलेलं नाही. ती राहते.

आजीला दुरुस्त करायचं असेल तर भांडू नका. तिच्या वाक्याच्या पाठोपाठ "हो, ते दोघं एकत्र राहतात" असं म्हणा. चार वेळा कानावर पडलं की शब्द बदलतो. माझ्या ओळखीच्या एका ऐंशी वर्षांच्या बाई आता नातीबद्दल "ती आणि तो मुलगा राहतात" असं म्हणतात, आवाज न उतरवता.

६. कोर्टाच्या निकालांतही असे शब्द असतात का?

असतात, आणि त्यावर खुद्द न्यायालयातच वाद झाला आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने डी. वेलुसामी विरुद्ध डी. पचाईअम्मल या निकालात, पुरुषाने पैसे देऊन पोसलेल्या बाईसाठी 'ठेवलेली' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला. तेव्हाच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी त्या शब्दाला जाहीर हरकत घेतली.

पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगभेदी शब्द टाळण्यासाठी एक पुस्तिकाच काढली. तीत रखेल या अर्थाचे शब्द निकालांत वापरू नयेत, त्याऐवजी ती बाई ज्या पुरुषासोबत विवाहबाह्य नात्यात होती त्या नात्याचं साधं वर्णन करावं, असं सांगितलं आहे. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुखदेव सिंग विरुद्ध सुखबीर कौर या प्रकरणात तर आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा एक जुना निकाल समोर आला. त्यात, जिचं लग्न कायद्याने शून्य, म्हणजे मुळातच अवैध, ठरलं अशा बाईला 'बेकायदा पत्नी' आणि 'एकनिष्ठ रखेल' या अर्थाचे शब्द लावले होते. असे शब्द वापरणं हा त्या बाईच्या प्रतिष्ठेवर आणि घटनेच्या अनुच्छेद २१ वर घाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. शून्य ठरलेल्या लग्नातल्या पुरुषाला असं काही म्हटलं गेलेलं नाही, याचीही नोंद निकालात आहे.

७. पणजीचा 'पाट' लागला होता असं घरात म्हणतात. म्हणजे ते लिव्ह-इन होतं का?

नाही. हा गैरसमज फार पसरलाय. विधवेचं किंवा काडीमोड झालेल्या बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत तो मान्य होता. काही भागांत त्यालाच म्होतूर किंवा मोहतूर म्हणतात, काही ठिकाणी गांधर्व. पहिल्या लग्नाचा थाट त्यात नसे, विधी थोडके असत, बऱ्याचदा रात्री उरकत. पण चार माणसं बसलेली असत आणि समाज त्यांना नवरा-बायको मानत असे. 'लग्नाची बायको' आणि 'पाटाची बायको' असा भेद बोलण्यात होता, तरी पाटाची बायको ही बायकोच होती.

अडचण झाली ती कायद्यापुढे. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ च्या प्रकरणात एका विवाहित पुरुषाने गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केलं होतं. आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून ते लग्नच नाही आणि द्विभार्याचा गुन्हाही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. तो सुटला. त्या दुसऱ्या बाईला काय म्हणायचं, हा प्रश्न तसाच राहिला. पणजीच्या बाबतीत मात्र बिनधास्त 'दुसरं लग्न' म्हणा.

८. 'नवरा-बायकोसारखे राहतात', 'बिनलग्नाचे राहतात', 'संसार थाटलाय' यांतलं काय चालेल?

'संसार थाटलाय' यात माया आहे. भांडी, गॅस, पडदे डोळ्यांसमोर येतात. घरच्यांमध्ये जरूर वापरा. 'बिऱ्हाड केलंय' हेही तसंच. 'बिनलग्नाचे' मध्ये काहीतरी कमी असल्याचा सूर आहे. काही जण तो शब्द अभिमानाने स्वतःला लावतात, ते वेगळं. दुसऱ्याबद्दल बोलताना नको. 'नवरा-बायकोसारखे' किंवा 'पती-पत्नीप्रमाणे' ही पोलिसांच्या जबाबाची भाषा. तिथे तिला वजन आहे (प्रश्न १२ पाहा). घरात ती चौकशीसारखी वाटते.

९. बातम्यांत 'लफडं' नसतं, पण 'अनैतिक संबंध' असतं. ते चालतं का?

चालू नये. लफडं, भानगड, प्रकरण हे शब्द चोरून चाललेल्या गोष्टीचे आहेत. उघडपणे एका घरात राहणाऱ्यांना ते लागूच पडत नाहीत. 'अनैतिक संबंध' हा तर बातमीदाराने दिलेला निवाडा झाला. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ आणि २०१० मध्ये स्पष्ट केलंय. 'लिव्ह-इन पार्टनर' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा गुन्ह्याच्या पानावरच दिसतो, त्यामुळे त्या शब्दालाच काळोखी लागत चालली आहे. नवऱ्याने मारहाण केली तर मथळ्यात कुणी विवाहसंस्था आणत नाही. बातमीत नात्याचा संबंध नसेल तर ते लिहूच नये.

१०. भाड्याचं घर बघताना स्वतःची ओळख काय सांगायची? 'लिव्ह-इन' म्हटलं की दार बंद होतं.

आधी एक गोंधळ. महाराष्ट्रात घर भाड्याने देताना जो करार होतो त्याला सगळे 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात. देवनागरीत दोन्हीकडे 'लिव्ह' सारखंच दिसतं, पण मूळ शब्द वेगळे. करारातल्या 'लिव्ह'चा अर्थ परवानगी. "आमचं लिव्ह-लायसन्स झालंय" आणि "आम्ही लिव्ह-इनमध्ये आहोत" या वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एजंटला हे माहीत असतं, वाचकांपैकी बऱ्याच जणांना नसतं, म्हणून सांगितलं.

आता ओळखीचं. 'भाऊ-बहीण' सांगू नका, ते पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं. 'साखरपुडा झालाय' हे झालेलं नसेल तर सांगू नका. माझा सल्ला: "आम्ही दोघं घर घेतोय, करारावर दोघांची नावं टाका." 'दोघं' हा शब्द खरा आहे आणि पुरेसा आहे. दोघांची नावं परवानाधारक म्हणून आली तर उद्या एकाला दुसऱ्याने बाहेर काढणं अवघड होतं, हा त्यातला मोठा फायदा.

'फक्त फॅमिली' अशी सोसायटीची अट असेल तर लक्षात घ्या, मराठीत 'फॅमिली' म्हणजे पुष्कळदा नुसती बायको. "फॅमिली गावाला गेलीये" असं म्हणतात ना, ते हेच. तिथे शब्दांची कसरत करून घर मिळवण्यापेक्षा विचारून मोकळं व्हा.

११. एकमेकांच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कशी हाक मारायची? 'वहिनी' म्हटलं तर चालवून घ्यायचं का?

सगळ्यात नाजूक जागा हीच. जोडीदाराच्या आईला 'आई' म्हणायचं की 'काकू'? बहुतेक जण सुरुवातीला 'काकू' म्हणतात आणि तिथेच राहतात. त्यात काही वावगं नाही. एका ओळखीच्या घरात मुलाच्या आईने स्वतःच सांगितलं, "काकू नको, माझं नाव घेऊन ताई म्हण." ती वाट मला फार आवडली.

खालचा वॉचमन किंवा दूधवाला 'वहिनी' म्हणतो तेव्हा तो आदर दाखवत असतो. हरकत नसेल तर राहू द्या. खटकत असेल तर "ताई म्हणा" एवढं पुरतं, इतिहास सांगायची गरज नाही. नातेवाइकांनी 'सूनबाई', 'जावईबापू' सुरू केलं तर मात्र ते हाक मारण्यापलीकडचं असतं. त्यामागे अपेक्षा येतात, सणवार येतात, मानपान येतात. तिथे दोघांनी आधी आपसांत ठरवावं.

१२. अमुक वर्षं एकत्र राहिलं की 'नवरा-बायको' म्हणता येतं, हे खरं का?

नाही. पाच वर्षं, सात वर्षं असे आकडे लोक सांगतात, पण तशी मुदत आपल्या कायद्यात नाही. खरं आहे ते एवढंच, की दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून राहिलेल्यांचं लग्न झालेलं असावं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. १९७८ च्या बद्री प्रसाद प्रकरणात ते जोडपं सुमारे पन्नास वर्षं एकत्र राहत होतं. हे गृहीतक पुराव्याने खोडताही येतं.

'लिव्ह-इन' हा शब्द २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात नाही. तिथे 'विवाहाच्या स्वरूपातील नातं' असा प्रयोग आहे. वेलुसामी निकालाने त्याच्या कसोट्या सांगितल्या: दोघं सज्ञान असावेत, लग्न करायला पात्र असावेत, स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत, आणि चारचौघांत पती-पत्नीसारखे वावरत असावेत. म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी, किराणावाल्याने तुम्हाला काय म्हटलं, याला इथे खरोखर किंमत येते.

२००८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अशा बाईला पोटगी मागता यावी म्हणून कायदा बदलायचा प्रस्ताव मंजूर केला होता. त्याचा कायदा झाला नाही.

१३. त्यांच्या मुलांना काय म्हणायचं?

मुलं. नावाने हाक मारायची.

जुने शब्द ओळखता यावेत म्हणून सांगते. लेकावळा, दासीपुत्र, अनौरस, आणि सगळ्यांत बोचरा 'अकरमासा'. मासा हे सोनं तोलायचं जुनं वजन. बारा माशांचा तोळा, त्यात एक मासा कमी, म्हणजे सोनं अस्सल नाही. जन्माला येताना ज्याने काहीच केलेलं नाही त्याला हा शब्द चिकटवला जायचा. 'अनौरस' अजून अर्जांत आणि निकालांच्या भाषांतरांत दिसतो. त्याऐवजी "आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं" असं लिहा, तेही गरज असेल तरच.

१४. साठीनंतर एकत्र राहणाऱ्यांसाठी वेगळा शब्द आहे का?

वेगळा नाही. पुण्यात २०१२ च्या सुमारास ज्येष्ठांसाठी मंडळ निघालं, तेव्हा त्यांनी नावातच 'लिव्ह-इन रिलेशनशिप' ठेवलं. मला ते धीराचं वाटतं. या वयात पेन्शन, घर, मुलांचे वाटे अशी कारणं असतात, म्हणून लग्न नको असतं. लोक 'सोबत' हा शब्द वापरतात: "त्यांना सोबत मिळाली." गोड शब्द आहे, पण तो वापरताना त्यांच्या प्रेमाला फक्त औषधपाण्याची सोय समजू नका.

१५. दोन मुलगे किंवा दोन मुली एकत्र राहत असतील तर?

तेही 'एकत्र राहतात' आणि तेही 'जोडीदार'. फरक एवढा, की २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे त्यांच्या बाबतीत 'लग्न न करता' असं म्हणणं चुकीचं आहे, त्यांना लग्न करताच येत नाही. 'रूममेट' म्हणून ते बऱ्याचदा घर मिळवतात. तो शब्द त्यांनी सुरक्षेसाठी निवडला असेल, तर तुम्ही जास्त माहिती असल्याचं दाखवून तो खोडू नका.

१६. दुसरीकडे काय म्हणतात? नातेवाईक स्वीडनला आणि ऑस्ट्रेलियाला आहेत.

स्वीडनमध्ये 'साम्बो', म्हणजे सोबत राहणारा किंवा राहणारी. स्त्री-पुरुष दोघांना एकच शब्द, आणि त्याच नावाचा कायदाही २००३ पासून आहे. मला या शब्दाचा खरोखर हेवा वाटतो. ऑस्ट्रेलियात अर्जावर 'डी फॅक्टो' लिहितात. तिथल्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये तो पर्याय दिसला की मराठी आईवडील घाबरतात, पण तो नेहमीचा सरकारी शब्द आहे.

घराजवळ पाहायचं तर गुजरातेत 'मैत्री करार' नावाची लेखी पद्धत होती, बहुधा विवाहित पुरुषाची सोय बघणारी. झारखंडच्या आदिवासी भागात 'ढुकू' म्हणतात. गावजेवणाचा खर्च परवडत नाही म्हणून लग्न राहून गेलेली ही जोडपी, आणि बाईला 'ढुकनी', म्हणजे घरात शिरलेली. पुन्हा शब्द तिलाच.

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात तसं नाही.

१७. दोघांपैकी एकाचं लग्न आधीच झालेलं असेल, घटस्फोट झाला नसेल, तरी लिव्ह-इन म्हणायचं का?

बोलण्यात लोक म्हणतात, पण कायद्याच्या कागदावर तो शब्द टिकत नाही. २०१३ च्या इंद्रा शर्मा निकालात, पुरुष विवाहित आहे हे माहीत असताना त्याच्यासोबत राहिलेल्या बाईचं नातं 'विवाहाच्या स्वरूपातलं' मानलं गेलं नाही. घटस्फोटाचा दावा चालू असलेली पुष्कळ माणसं मधल्या काळात नवं घर मांडतात. त्यांनी "दावा चालू आहे, सध्या एकत्र राहतो" असं सांगावं. समोरच्याला परिस्थिती नीट कळते.

१८. शनिवार-रविवार त्याच्याकडे, बाकी दिवस पीजीत. हे लिव्ह-इन झालं का?

नाही. दोघांचे कपडे एका कपाटात आणि पत्ता एक असेल, तर 'एकत्र राहतो' म्हणा. तुमच्यासाठी "आम्ही बरोबर आहोत" हे बरोबर आहे. पुढे घर घेतलंत तर प्रश्न १० वाचा.